उसनं घेतलेलं परत कोण करणार?

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा स्क्रीन बिघडायला सुरुवात व्हायची ती अक्षरांपासून. नेहमीचा सुबक टाइप जाऊन जाडीभरडी अक्षरं दिसायची. मग एखाद्या बटणाच्या जागी काळा चौकोन यायचा, वजनाचा आकडा अर्धाच उमटायचा. त्यानंतर कोणी पावती छापायला घेतली की अख्खा प्रोग्राम बंद. बाहेर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग फाट्यापर्यंत गेलेली. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, त्याचं वजन घटतं, आणि घटलेलं वजन शेतकऱ्याच्या बिलातून जातं. त्यामुळे काटा दहा मिनिटं थांबला तरी रांगेतल्या प्रत्येकाचं नुकसान होत असतं.

गळीत हंगाम ऐन भरात होता. प्रोग्राम आमच्या चार-पाच जणांच्या गटाने लिहिलेला, त्यामुळे पुण्याहून जाऊन तो दुरुस्त करणं ही माझी जबाबदारी होती. तीन दिवस मी प्रिंटरच्या मागे लागलो. प्रोग्राम दर वेळी पावती छापतानाच मरत होता, म्हणजे दोष छपाईतच असणार, असा माझा पक्का समज. ड्रायव्हर बदलला, केबल बदलली, शेवटी प्रिंटरच बदलला. काही फरक पडला नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काट्यावरच्या क्लार्कांनी मला बोलावलं. निवृत्तीला आलेले गृहस्थ. म्हणाले, "साहेब, हे कधीही बंद पडत नाही. याची वेळ ठरलेली आहे." आणि त्यांनी त्यांच्या वहीचं शेवटचं पान उघडून दाखवलं. सकाळी ६:१० सुरू, ८:५२ बंद. ८:५५ सुरू, ११:३७ बंद. ११:४० सुरू, २:२२ बंद. दोन तास बेचाळीस मिनिटं. प्रत्येक वेळी.

मला जे तीन दिवसांत दिसलं नव्हतं, ते त्या पानावर निळ्या शाईत लिहिलेलं होतं. घड्याळ लावल्यासारखं बंद पडणारं यंत्र बिघडत नसतं, भरत असतं. कुठेतरी एक टाकी होती, तिच्यात दर सेकंदाला एक थेंब पडत होता, आणि टाकी भरली की सगळं थांबत होतं.

वाटीभर साखर

प्रोग्रामला लागणारी मेमरी त्याच्या मालकीची नसते. ऑपरेटिंग सिस्टिमकडून ती उसनी घ्यायची आणि काम झालं की परत करायची, असा व्यवहार असतो. शेजारून वाटीभर साखर आणावी तसा. सी भाषेत मागायचा शब्द मॅलॉक आणि परत द्यायचा शब्द फ्री. एवढ्या साध्या व्यवहारात चुका दोनच प्रकारच्या होतात, पण त्या दोन चुकांनी आमच्या व्यवसायातल्या असंख्य रात्री खाल्ल्या आहेत.

पहिली चूक म्हणजे वाटी परतच न देणं. रोज एक वाटी आणायची आणि ओट्यावर ठेवून द्यायची. काही दिवसांनी ओट्यावर जागा उरत नाही, आणि शेजारणीकडे वाटी उरत नाही. ही मेमरी लीक. दुसरी चूक म्हणजे वाटी परत देऊनही ती आपलीच आहे असं समजून वापरत राहणं. मधल्या वेळात शेजारणीने तिच्यात मीठ भरलेलं असतं, आणि आपण ते चहात घालतो. हा क्रॅश, आणि तोही नशीब चांगलं असेल तर. नशीब वाईट असेल तर प्रोग्राम पडत नाही. तो चुकीचा आकडा घेऊन पुढे चालत राहतो.

लीक आणि क्रॅश हे दोन वेगळे रोग म्हणून शिकवले जातात. इतकी वर्षं हे काम केल्यावर मला ते एकाच प्रश्नाची दोन चुकलेली उत्तरं वाटतात. प्रश्न असा: ही वस्तू कोणाची आहे, आणि कधीपर्यंत? कोणीच परत केली नाही तर लीक होते. वेळेआधी किंवा दोघांनी परत केली तर क्रॅश होतो.

पडद्यावर खिडक्या, बटणं, मेनू दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये हा प्रश्न जास्त छळतो. पगाराचा हिशेब करणारा प्रोग्राम सुरू होतो, हिशेब करतो आणि संपतो. संपताना त्याने न फेडलेली सगळी उसनवारी ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः वसूल करते. पण खिडकीचा प्रोग्राम संपत नाही. तो माणसाची वाट बघत बसलेला असतो: माउस हलला का, बटण दाबलं का, खिडकी मोठी केली का. प्रत्येक हालचालीला तो थोडं काम करतो आणि पुन्हा वाट बघत बसतो. दिवसभर, कधीकधी महिनाभर. एका फेरीत राहिलेली वाटी क्षुल्लक असते, पण फेऱ्या लाखो होतात.

शिवाय इथे फक्त मेमरी उसनी घेतलेली नसते. विंडोजमध्ये रेघ काढायला पेन लागतं, रंग भरायला ब्रश, अक्षरांना फॉण्ट, चित्राला बिटमॅप. ही सगळी जीडीआय नावाच्या विभागाकडून मागून आणायची आणि परत द्यायची. विंडोज ३.१ च्या काळात या वस्तूंची नोंद अवघ्या ६४ किलोबाइटच्या जागेत ठेवली जायची. संगणकात रॅम कितीही असो, ती एवढी जागा भरली की नवी खिडकी उघडत नसे. आजच्या विंडोजमध्ये ही मर्यादा प्रत्येक प्रोग्रामला वेगळी आहे. एका वेळी जास्तीत जास्त १०,००० जीडीआय वस्तू, असा आकडा मुळात ठरवून दिलेला आहे.

दहा हजार सेकंद म्हणजे दोन तास शेहेचाळीस मिनिटं चाळीस सेकंद. आमच्या प्रोग्रामला सुरू होतानाच तीनशेच्या आसपास वस्तू लागत होत्या. त्या वजा केल्या की उरतात दोन तास बेचाळीस मिनिटं.

दोन ओळींची अदलाबदल

टास्क मॅनेजरमध्ये जीडीआय ऑब्जेक्ट्स नावाचा एक रकाना असतो. तो सहसा दिसत नाही, निवडून घ्यावा लागतो. त्या रात्री मी तो लावला आणि बघत बसलो. ३१२. ३१३. ३१४. सेकंदकाट्याबरोबर आकडा चढत होता. शेजारचा मेमरीचा रकाना मात्र जवळजवळ स्थिर होता. इतके दिवस मी त्याच रकान्याकडे बघून निश्चिंत झालो होतो.

स्क्रीनवर सेकंदाला एकदा बदलणारी गोष्ट एकच होती. वजनाच्या आकड्याखाली बोटभर रुंदीची एक पट्टी होती. गाडी काट्यावर चढली की पट्टीतली रेघ थरथरायची, वजन स्थिर झालं की सरळ व्हायची. ती लुकलुकू नये म्हणून आम्ही नेहमीची युक्ती केली होती. आधी पडद्यामागे एका बिटमॅपवर पूर्ण चित्र काढायचं आणि मग ते एकदम पडद्यावर आणायचं. त्यासाठी चित्रकाराच्या फळीसारखी एक वस्तू घ्यावी लागते, तिला डिव्हाइस कॉन्टेक्स्ट म्हणतात. तिच्यावर बिटमॅपचा कागद लावायचा, चित्र काढायचं, पडद्यावर उमटवायचं, आणि मग कागद आणि फळी दोन्ही परत द्यायची.

मी कोड उघडला. कागद परत देणारी ओळ होती. फळी परत देणारी ओळही होती. म्हणूनच आधी दोनदा वाचूनही मला काही सापडलं नव्हतं. दोष होता क्रमात. फळीवर लावलेला बिटमॅप परत घ्यायला विंडोज नकार देतं. आधी जुना कागद पुन्हा फळीवर चढवून आपला कागद मोकळा करावा लागतो, किंवा आधी फळी परत द्यावी लागते. आमचा कोड फळीवर लावलेलाच कागद परत द्यायला जात होता. विंडोज "नाही" म्हणत होतं, आणि ते उत्तर ऐकायला कोडमध्ये कोणी थांबलेलं नव्हतं. पुढच्या ओळीत फळी परत जायची आणि कागद बेवारस राहायचा. दर सेकंदाला एक.

दोन ओळींची जागा बदलली. दुरुस्ती एवढीच.

आणि प्रिंटर? पावती छापायला नवी खिडकी उघडावी लागते. तिला एकदम बऱ्याच नव्या वस्तू लागतात. टाकी काठोकाठ भरलेली असताना सगळ्यात मोठी मागणी छपाईची असायची, म्हणून नकार तिच्या वाट्याला यायचा आणि प्रोग्राम तिथे पडायचा. जिथे प्रोग्राम पडला तिथेच चूक आहे, असं मी धरून चाललो होतो. गुन्हा एकाने केला होता आणि मी तीन दिवस दुसऱ्याचीच झडती घेत होतो.

लंडन, नोव्हेंबर १९९२

आमची चूक ट्रॉल्यांच्या रांगेवर निभावली. हीच चूक कुठल्या खोलीत शिरू शकते, हे लंडनच्या रुग्णवाहिका सेवेच्या प्रकरणात दिसतं.

२६ ऑक्टोबर १९९२ रोजी लंडन ॲम्ब्युलन्स सर्व्हिसने रुग्णवाहिका पाठवण्याचं काम पूर्णपणे नव्या संगणक प्रणालीवर नेलं. त्याआधी फोन घेणारा माणूस कागदी फॉर्म भरायचा आणि ते कागद पुढे सरकायचे. नव्या व्यवस्थेत कर्मचाऱ्यांसमोर विंडोज ३.० वर चालणारे, व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेले स्क्रीन आले. व्हिज्युअल बेसिक बाजारात येऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. पहिल्या दोन दिवसांतच गोंधळ उडाला. कुठली गाडी कुठे आहे याची माहिती प्रणालीकडे नीट पोचत नव्हती. इशाऱ्याचे संदेश इतके साचले, की जुने संदेश कोणी वाचायच्या आत स्क्रीनच्या वर सरकून दिसेनासे होत. हा गोंधळ लीकमुळे झालेला नव्हता, त्याची कारणं नियोजनापासून प्रशिक्षणापर्यंत पसरलेली होती. कर्मचारी अर्धं काम पुन्हा हाताने करू लागले आणि प्रणाली तशीच चालू राहिली.

४ नोव्हेंबरला पहाटे दोननंतर ती मंदावली आणि मग पूर्ण गोठली. बंद करून पुन्हा सुरू करूनही ती उठली नाही. राखीव सर्व्हरकडे काम आपोआप जायला हवं होतं, ते गेलं नाही. कर्मचारी कागद-पेन्सिलीवर परतले.

चौकशीचा अहवाल फेब्रुवारी १९९३ मध्ये आला. गोठण्याचं कारण त्यात स्पष्ट लिहिलं आहे. प्रणाली गोठण्याच्या सुमारे तीन आठवडे आधी एका प्रोग्रामरने काम करताना कोडचा एक लहानसा तुकडा प्रणालीत राहू दिला होता. रुग्णवाहिकेला निघण्याचा आदेश तयार झाला की तो तुकडा सर्व्हरवरची थोडीशी मेमरी घ्यायचा आणि परत करायचा नाही. दर आदेशाला थोडीशी. तीन आठवड्यांत सर्व्हरची मेमरी संपली. नेहमीच्या चाचणीत अशी चूक सापडण्याची शक्यता कमी असते, असंही समितीने नोंदवलं.

तो परिच्छेद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वहीचं ते पान आठवलं. आमचा प्रोग्राम आम्ही ऑफिसात तपासला होता, पण सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त कधी चालवला नव्हता. आमची टाकी भरायला पावणेतीन तास लागत होते, लंडनची भरायला तीन आठवडे. ज्या चुकीचं माप वेळेत असतं, तिची चाचणीही तेवढाच वेळ घेऊन करावी लागते. त्याला दुसरा उपाय नाही.

घर सोडलं, रतीब चालूच

यावर कोणी म्हणेल, हे जुन्या भाषांचं दुखणं झालं. जावा, सी शार्प, जावास्क्रिप्ट, पायथन या भाषांमध्ये तर मेमरी परत करायचं काम भाषाच करते. हे खरं आहे, आणि ही कल्पना जुनीही आहे. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी १९६० च्या आसपास ती मांडली. ज्या वस्तूपर्यंत प्रोग्राममधून पोचायचा कुठलाच रस्ता उरलेला नाही, ती कचरा समजून उचलायची. पण कचरा उचलणाऱ्याला नको असलेली वस्तू कळत नाही. त्याला फक्त रस्ता तुटलेला कळतो. रस्ता शाबूत असेल तर वस्तू शाबूत.

खिडक्यांच्या प्रोग्राममध्ये असे विसरलेले रस्ते फार असतात. एक खिडकी उघडते आणि प्रोग्रामच्या मुख्य भागाला सांगते, "भाव बदलला की मला कळव." म्हणजे रतीब लावते. वापरणारा खिडकी बंद करतो, पण रतीब बंद करायचं कोणाच्या लक्षात येत नाही. मुख्य भागाच्या यादीत त्या खिडकीचं नाव तसंच असतं. तेवढ्या एका नावामुळे खिडकी, तिच्यातली सगळी बटणं, तक्ते, चित्रं जिवंत राहतात. वापरणाऱ्याने तीच खिडकी दिवसात चाळीस वेळा उघडली की चाळीस अदृश्य खिडक्या मागे उभ्या असतात, आणि भाव बदलला की चाळीसही जणी स्वतःला नव्याने रंगवतात. संध्याकाळी यंत्र जड का झालं, याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं.

सी प्लस प्लसमध्ये हाच रतीब उलट बाजूने मारतो. तिथे घर खरोखर पाडलं जातं, पण पेपरवाल्याला कोणी सांगत नाही. दुसऱ्या सकाळी तो त्या पत्त्यावर जातो आणि पायाखाली जमीनच नसते. नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीने १९९५ मध्ये जगासमोर आणलेल्या क्यूटी या खिडक्या-बटणांच्या संचात यावर चांगला तोडगा आहे. प्रत्येक वस्तूला पालक असतो, आणि पालक गेला की त्याची मुलंही जातात. घर पाडलं की खोल्या वेगळ्या पाडाव्या लागत नाहीत. तरीही दोन सापळे उरतात. क्यूटीत खिडकी बंद करणं म्हणजे ती पडद्यावरून दूर करणं. ती नष्ट व्हायला हवी असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. आणि एखाद्या बटणानेच आपली खिडकी नष्ट करायची असेल, तर ते काम त्याच क्षणी करून चालत नाही, कारण बटणाचा स्वतःचा कोड अजून त्या जमिनीवर उभा असतो. त्यासाठी डिलीट-लेटर नावाची सोय आहे: हातातलं काम संपू दे, मग पाड.

मोबाइलवरही तेच. अँड्रॉइडचा फोन आडवा केला की समोरचा स्क्रीन, ज्याला अॅक्टिव्हिटी म्हणतात, एरवी मोडून नव्याने बांधला जातो. जुन्या स्क्रीनचा पत्ता कुठल्या कायमस्वरूपी जागी लिहून ठेवलेला असेल, तर फोन फिरवाल तितके स्क्रीन साठत जातात.

मोजणाऱ्यांचं घराणं

या दुखण्यावर औषध शोधणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे. नेटफ्लिक्समुळे जगाला माहीत झालेल्या रीड हेस्टिंग्ज यांनी त्याआधी, १९९१ मध्ये, प्युअर सॉफ्टवेअर ही कंपनी काढली होती. तिचं प्युरिफाय हे उत्पादन प्रोग्रामची मेमरीतली उसनवारी तपासायचं. २००२ मध्ये ज्युलियन सेवर्ड यांनी व्हॅलग्रिंड सर्वांसाठी खुलं केलं. त्याच्या नजरेखाली प्रोग्राम अनेक पटींनी हळू चालतो, पण शेवटी कुठल्या ओळीने काय घेतलं आणि परत केलं नाही याची यादी हातात येते. २०१२ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी ॲड्रेस सॅनिटायझर मांडला. परत दिलेल्या वाटीला तो काही काळ सील लावून ठेवतो, त्यामुळे चुकून कोणी तिला हात लावला की मीठ चहात पडायच्या आधीच चोर सापडतो. अँड्रॉइडसाठी स्क्वेअर कंपनीने २०१५ मध्ये लीककॅनरी दिली. मोडायला हवा होता तो स्क्रीन मोडला नाही, की ती लगेच ओरडते.

या घराण्यातली मला सगळ्यात आवडती गोष्ट फायरफॉक्सची आहे. हा ब्राउझर मेमरी खातो अशी ओरड वर्षानुवर्षं होती. २०११ मध्ये मोझिलातल्या निकोलस नेदरकोट यांनी मेमश्रिंक नावाने मोहीम सुरू केली. व्हॅलग्रिंड घडवणाऱ्यांतही ते होते. मोजता मोजता लक्षात आलं, की बऱ्याच गळत्या ब्राउझरच्या नव्हत्या, लोकांनी बसवलेल्या ॲड-ऑनच्या होत्या. पान बंद झालं तरी ॲड-ऑन त्याचा पत्ता धरून बसायची. अशा हजारो ॲड-ऑन, हजारो लोकांनी लिहिलेल्या. प्रत्येकाला शहाणं कोण करणार? काइल ह्यूई यांनी दुसरीकडून विचार केला. पान बंद होताच ॲड-ऑनच्या हातातला त्या पानाचा धागाच कापायचा. ऑगस्ट २०१२ मध्ये आलेल्या फायरफॉक्स १५ मध्ये तो बदल होता, आणि ॲड-ऑनच्या गळत्यांचा फार मोठा भाग एकदम थांबला. मालकी कोणाची, हा प्रश्न हजार ठिकाणी सोडवण्याऐवजी त्यांनी तो एका जागी सोडवला.

साधनं कितीही चांगली असली तरी हातखंडा स्वतःलाच कमवावा लागतो. नव्या मुलांना मी तीन गोष्टी सांगतो. संशयित खिडकी आधी एकदा उघडून बंद करा आणि ती वेळ मोजू नका, कारण पहिल्या वेळी फॉण्ट आणि चित्रं साठवली जातात, ती गळती नव्हे. मग मेमरीची नोंद घ्या, खिडकी ३७ वेळा उघडा-बंद करा, आणि पुन्हा नोंद घ्या. ३७ अशासाठी, की योगायोगाने हा आकडा सहसा कुठे येत नाही. वाढलेल्या वस्तूंमध्ये कुठे ३७ दिसले तर दर वेळी एक राहते आहे, ७४ दिसले तर दोन. आणि तिसरी गोष्ट, एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा मोजा. अंदाजाने पाच ठिकाणी डागडुजी केली की गळती थांबली तरी कशाने थांबली हे कळत नाही, आणि जे कळलं नाही ते पुढच्या हंगामात परत येतं.

या तिन्हींच्या आधीची गोष्ट मात्र मी पुस्तकातून शिकलो नाही. ज्याच्या समोर प्रोग्राम दिवसभर उघडा असतो, त्याला आधी विचारा: कधी होतं, त्याआधी काय दिसतं, किती वेळाने परत होतं? आम्ही कोड वाचतो. तो माणूस प्रोग्रामबरोबर राहतो.

दुरुस्ती झाल्यावर त्या रात्री मी काट्याच्या खोलीतच थांबलो. बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घंटा, ट्रॅक्टरचे आवाज, चिपाडाचा गोड वास. टास्क मॅनेजरमधला आकडा ३०६ वर होता. पावती छापली की तो थोडा वर जायचा आणि परत ३०६ वर यायचा. पावणेतीन तास उलटले तरी अक्षरं सुबकच होती. पहाटे कधीतरी मला खुर्चीतच डोळा लागला.

सकाळची पाळी सुरू झाली तेव्हा क्लार्क वही उघडून बसले होते. आदल्या रात्रीच्या नोंदीपुढे त्यांनी पट्टीने सरळ रेघ मारली होती. त्या पानावर एकच ओळ होती: रात्री १०:०५ सुरू.